सातव्यात झालेल्या मुलाचं वय कुठून मोजायचं?

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा. मुलाचा जन्म १२ डिसेंबर २०१६ चा, अठ्ठावीस आठवडे भरल्यावर. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती ६ मार्च २०१७. पहिले दोन महिने काचेच्या पेटीत गेले. आता तो तिसरीत आहे. बोलण्यात चुणचुणीत, पण लिखाण सावकाश, आणि गणिताची वही काढली की पोटात दुखायला लागतं. शाळेच्या सांगण्यावरून जानेवारी २०२५ मध्ये कामत-बिने चाचणी करून घेतली. मानसिक वय ६ वर्षं १० महिने आणि बुद्ध्यांक ८५ आला. 'बाळ असताना डॉक्टर दर वेळी तीन महिने वजा करून वय धरायचे. मग या चाचणीत का धरलं नाही? धरलं असतं तर आकडा वाढला असता ना? आणि शाळेच्या परीक्षांत अशा मुलांना वयाची काही सवलत का नसते?'

मुलांच्या चाचण्या घेण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, तेव्हा आधी आकड्याचं बोलू.

हो, वाढला असता. कामत-बिनेचा हिशेब सरळ असतो. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. तुमच्या मुलाचं मानसिक वय ८२ महिने, चाचणीच्या दिवशी जन्मतारखेनुसार वय ९७ महिने. भागाकार येतो ८४.५, तोच रिपोर्टमध्ये ८५ झालाय. मार्चपासून मोजलं तर वय ९४ महिने, बुद्ध्यांक ८७. म्हणजे सगळा फरक अडीच-तीन गुणांचा. हीच चाचणी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणी, सकाळऐवजी संध्याकाळी, शाळेतून दमून आल्यावर घेतली असती, तरी आकडा चार-पाच गुणांनी इकडेतिकडे झाला असता. बुद्ध्यांकाच्या कुठल्याही आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाचएक गुणांची मोकळी जागा सोडूनच तो वाचायचा असतो. तशी जागा सोडली की ८५ आणि ८७ हे दोन आकडे एकमेकांच्या अंगणातच उभे असतात.

मग बाळपणी तेच तीन महिने इतके महत्त्वाचे का होते? तेव्हा ते ज्यातून वजा करायचे तो आकडाच चिमुकला होता. बारा आठवडे आधी झालेलं बाळ सहा महिन्यांचं असताना खरं तर तीन महिन्यांच्या बाळासारखं वागतं. मान नुकती धरलेली, पालथं पडायचं अजून बाकी. हे तीन महिने वजा करायची दुरुस्ती न करता विकासांक, म्हणजे बाळासाठीचा बुद्ध्यांकासारखा आकडा, काढला तर पन्नासच्या आसपास येतो आणि आईच्या पायाखालची जमीन सरकते. वर्षाच्या बाळाला हाच हिशेब पंचाहत्तर दाखवतो, दोन वर्षांच्या मुलाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी, आणि आठ वर्षांच्या मुलाला सत्त्याण्णव. वजाबाकी तीच राहते, फक्त ती टोचेनाशी होते. बडोद्याच्या प्रमिला फाटकांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली डासी चाचणी आम्ही अडीच वर्षांपर्यंत वापरतो. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ गोष्टी तपासतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती दुरुस्त वय धरूनच लावतात. बहुतेक जण दोन वर्षांपर्यंत दुरुस्ती करतात, काही तीनपर्यंत. त्यानंतर थांबायचं हा रिवाज आहे. दुसऱ्या वाढदिवसाला मेंदूत एखादी घंटा वाजते आणि बाळ 'भरपाई' करून मोकळं होतं, असं काही नसतं. हिशेबातला फरक लहान होत गेला म्हणून सोयीसाठी आखलेली ती रेघ आहे.

आता थोडं तत्त्वाचं, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. वय मार्चपासून मोजायचं म्हणजे आपण असं धरतो की मेंदूचं घड्याळ गर्भ राहिल्यापासून चालतं, बाहेर कधी आला याला महत्त्व नाही. मान धरणं, बसणं, उभं राहणं यांच्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. पण शब्द कानावर पडायला, आजीच्या मांडीवर बसून चिऊ-काऊ ऐकायला बाहेरच यावं लागतं. ते तीन महिने तुमचा मुलगा बाहेर होता. आता त्यांतला बराचसा वेळ मॉनिटरच्या टुंटुंमध्ये आणि सुयांमध्ये गेला, त्याला शिकायला मिळालेला वेळ म्हणायचं का, हा वेगळा वाद. आणि सहाव्या वर्षापासून एक तिसरंच घड्याळ सुरू होतं, ते शाळेचं. पाढे, जोडाक्षरं, हातच्याची बेरीज हे काही जन्मतारखेने येत नाही आणि गर्भधारणेच्या तारखेनेही येत नाही. ते येतं वर्गात किती वर्षं बसलो त्यावर. आठ वर्षांच्या मुलाच्या बुद्ध्यांक चाचणीत ही तिन्ही घड्याळं एकमेकांत मिसळलेली असतात. त्यातलं एकच उचलून तीन महिने मागे फिरवण्याला मला फारसा अर्थ दिसत नाही.

तरी माझी पद्धत सांगते. मूल पाच-सहा वर्षांच्या आत असेल, किंवा अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं असेल, तर मी रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिहिते. मुख्य आकडा जन्मतारखेचा, खाली एक ओळ दुरुस्त वयाची. सहा वर्षांच्या मुलाला कामत-बिनेत तीन महिन्यांचे चार गुण होऊ शकतात, ते लपवू नयेत. तुमच्या मुलाच्या बाबतीतही मी ती ओळ लिहिली असती. तपासणाऱ्या बाईंनी ती लिहिली नाही म्हणून त्यांनी चूक केली असं मात्र मी म्हणणार नाही. शाळकरी मुलांच्या चाचण्या जन्मतारखेनेच मोजतात, आणि त्यांची प्रमाणकंही, म्हणजे त्या त्या वयाच्या मुलांशी तुलना करायचे आकडेही, तशीच बसवलेली आहेत.

वेक्सलरच्या विस्क या दुसऱ्या बुद्ध्यांक चाचणीत तर आणखी गंमत आहे. तिथे भागाकार नसतो, वयाच्या चार-चार महिन्यांच्या तुकड्यांचे तक्ते असतात. आठ वर्षं ते आठ वर्षं तीन महिने हा एक तक्ता, त्याच्या आधीचा सात वर्षं आठ महिन्यांपासूनचा. तुमचा मुलगा चाचणीच्या दिवशी आठ वर्षं एक महिन्याचा होता. तीन महिने मागे गेलात तर आधीच्या तक्त्यात जाता आणि थोडे गुण मिळतात. हीच चाचणी मार्चच्या शेवटी झाली असती तर तो आठ वर्षं तीन महिन्यांचा असता, दुरुस्त वय आठच्या वरच राहिलं असतं, तक्ता तोच आणि दुरुस्तीचा फायदा शून्य. मूल तेच, दुरुस्ती तीच, मिळकत चाचणी कुठल्या महिन्यात झाली त्यावर.

आणि खरं सांगू का, ज्या पट्टीने मोजलंय तिचं वय बघितलं तर तीन महिन्यांवर भांडायला लाज वाटते. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेची चाचणी बसवली, तिची आजही चालणारी आवृत्ती १९६७ ची. नागपूरच्या फादर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली एमआयएसआयसी ही बुद्ध्यांक चाचणी १९६९ ची. मोठ्या कष्टाची कामं आहेत ती, त्यांच्यावर आमच्या पिढीची पोटं भरली. पण तेव्हाच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली की पट्टी सैल पडते. आजची मुलं चित्रं, कोडी, कार्यक्रम बघत वाढतात, त्यामुळे जुन्या प्रमाणकांवर आकडा फुगून येतो. काही देशांत हा फुगवटा दर दशकाला सुमारे तीन गुणांचा निघाला आहे. तेव्हा तुमचा ८५ 'कमी धरला गेलाय' अशी शंका घेण्याआधी तो थोडा जास्तच धरला गेला असेल, हीही शक्यता डोक्यात ठेवा. ऐकायला बरं वाटत नाही, पण उपचार ठरवायचे तर ऐकायला हवं.

आता जिथे हे दोन-तीन गुण खरंच टोचतात त्या जागेकडे येते. ती जागा म्हणजे कुंपण.

अध्ययन अक्षमतेचं (म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन, गणितात अडण्याचं) प्रमाणपत्र काढायला गेलात की ८५ हा आकडा तुमच्यासमोर येऊन उभा राहू शकतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) क्रम असा होता: आधी एमआयएसआयसी किंवा विस्कने बुद्ध्यांक बघायचा, तो ८५ च्या वर असेल तर निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचण्यांनी वाचन, लेखन, गणित तपासायचं. म्हणजे ८४.५ आणि ८७ हे माझ्या दृष्टीने एकच मूल असलं तरी कुंपणाच्या दृष्टीने एक आत, एक बाहेर. तुमच्या प्रश्नात जीव आहे तो इथे. पण यावर तीन महिन्यांची वजाबाकी हे औषध नव्हे. कामत-बिनेवरचा आकडा त्या कामाला तसाही धरत नाहीत, चाचणी पुन्हा होणारच. तेव्हा एकूण आकड्याआधी पोटचाचण्यांकडे, म्हणजे चाचणीतल्या वेगवेगळ्या भागांच्या गुणांकडे, बघायला सांगा. शब्दांच्या चाचण्यांत मूल शंभरला पोचतं आणि हाताने ठोकळे जुळवायच्या, चिन्हं भराभर उतरवायच्या चाचण्यांत सत्तरला राहतं, तेव्हा त्यांची सरासरी हा आकडा कुणाचाच नसतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की एकूण आकडा मी शेवटी वाचते.

कुंपण दुसऱ्या बाजूलाही आहे, ते कुणी विचारत नाही. बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी ७० ची रेघ. समजा एखाद्या सहा वर्षांच्या मुलीचा बुद्ध्यांक ६८ आला. ती सव्विसाव्या आठवड्यातली. दुरुस्त वय धरलं की ती ७१ वर जाते. आई-बाबा सुटकेचा श्वास टाकतात, आणि विशेष शिक्षिका, थेरपीची सवलत, दाखल्यावर मिळणारं सगळं हातचं जातं. मुलगी आहे तिथेच. माझ्या अनुभवात असं एकदा झालं होतं. घरच्यांच्या आग्रहाने दुसरीकडे दुरुस्त वयाने रिपोर्ट करून घेतला गेला, आणि दोन वर्षांनी तेच लोक माझ्याकडे पुन्हा दाखल्यासाठी आले. मधली दोन वर्षं गेली ती गेली. दुरुस्ती म्हणजे मुलाला दिलेली सूट असं आपल्याला वाटतं, पण ती कधी कधी मुलाची गरजही पुसून टाकते.

तुम्ही विचारलं नाहीत ते आता सांगते, कारण माझ्या मते तुमच्या मुलाच्या बाबतीत तीन महिने सगळ्यात महाग पडले ते शाळाप्रवेशाच्या वेळी.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी मानीव दिनांक, म्हणजे वय मोजायची तारीख, ३१ डिसेंबर. त्या तारखेला सहा पूर्ण होत असतील तर त्याच जूनमध्ये पहिली. १२ डिसेंबरचा तुमचा मुलगा जून २०२२ मध्ये साडेपाच वर्षांचा असताना पहिलीत बसला. त्या वर्गाची खिडकी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०१६. तो खिडकीच्या अगदी कडेला, एकोणीस दिवस राखून. बाकावर शेजारी बसलेला जानेवारीतला मुलगा त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा, आणि गर्भाचं घड्याळ धरलं तर चौदा. दिवस भरून मार्चमध्ये झाला असता तर तो पुढच्या वर्षीच्या तुकडीत गेला असता, तिथल्या मोठ्या मुलांमध्ये. आज दुसरीत असता. म्हणजे तीन महिन्यांनी त्याचं अख्खं एक शालेय वर्ष हललं. बुद्ध्यांकात तीन महिन्यांचे तीन महिनेच राहतात. प्रवेशाच्या दारात ते बारा होतात.

यात नियमाची चूक नाही. सहा हे किमान वय आहे, थांबायला मनाई नाही. पण तेव्हा कुणी थांबा म्हणत नाही. 'वर्ष वाया कशाला घालवायचं' हे वाक्य मी ज्या घरांतून ऐकलंय त्या घरांची गणती नाही, आणि त्यात मुलाच्या आजोबांपासून नर्सरीच्या बाईंपर्यंत सगळे असतात. गंमत अशी की त्याच आजोबांची स्वतःची जन्मतारीख १ जून असते. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तारीख विचारली, कुणाला माहीत नव्हती, त्यांनी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची ठोकून दिली. अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय. त्या काळी निदान मूल डोक्यावरून हात घेऊन दुसऱ्या कानाला लावून दाखवत असे आणि गुरुजी त्याच्याकडे बघून तरी ठरवत. आता दाखला बघून ठरतं.

ही दुरुस्ती प्रवेशाच्या वेळी कागदावर मान्य करणारी एक व्यवस्था मला माहीत आहे ती इंग्लंडमधली. तिथलं शालेय वर्ष १ सप्टेंबरला उघडतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान. अशा उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाला वर्षभर मागच्या तुकडीत घ्या असा अर्ज पालक करू शकतात, आणि तो ठरवताना विचारात घ्यायच्या गोष्टींत प्रवेशसंहितेने हे स्पष्ट लिहिलंय की मूल वेळेआधी झालं नसतं तर ते आपोआप खालच्या वयोगटात गेलं असतं का, हे बघावं. तिथल्याच ग्रामर शाळांच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांच्या, अकराव्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेत गुण वयाप्रमाणे सावरून घेतात. ऑगस्टच्या मुलाला सप्टेंबरच्या मुलापेक्षा थोडा हात मिळतो. पण तोही जन्मतारखेवरून. लंडनच्या आसपासच्या, स्लाउ आणि हॅरोकडच्या मराठी घरांतूनही मला हा प्रश्न विचारला गेलाय: ऑगस्टमध्ये दहा आठवडे आधी झालेल्या मुलाला त्या परीक्षेत जास्तीची सूट मागावी का? माझं उत्तर तिथेही तेच. चार वर्षांचं असताना, शाळेत घालताना मागा. अकराव्या वर्षी अडीच महिन्यांचं वजन फार नसतं, आणि ज्या गोष्टीचं असतं तिला वय म्हणत नाहीत.

आपल्याकडच्या शाळेच्या परीक्षांचं उत्तर यातच येतं. शिष्यवृत्ती असो, नवोदयची प्रवेश परीक्षा असो की घटक चाचणी, आपल्याकडे वयाप्रमाणे गुण सावरतच नाहीत. नवोदयला वयाची अट आहे, पण अटीत बसलात की सगळे एका रांगेत. जानेवारीच्या आणि डिसेंबरच्या मुलात जिथे फरक करत नाहीत, तिथे अठ्ठावीस आणि चाळीस आठवड्यांत कोण करणार? आणि करावा असं मला वाटतही नाही. अठ्ठावीस आठवड्यांचा दाखला आणला की पाच गुण, असं एकदा झालं की डिस्चार्ज कार्डं कशी तयार होतील हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झालेली नसेल तर आठवडे पाळीच्या तारखेवरून धरलेले असतात, आणि त्यात पंधरवड्याची चूक सहज होते. अशा आकड्यावर गुणवत्ता यादी कशी लावणार?

आता जे उरतं त्याविषयी. लवकर जन्मल्याचा शाळेतला खरा परिणाम तीन महिन्यांच्या उशिराने येत नाही. उशीर असता तर तो कधीतरी भरून निघाला असता. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपल्या मातीतलं इतकं दीर्घ काम दुसरं क्वचित सापडेल. बाराव्या वर्षी त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक नव्वदच्या आसपास होता, दिवस भरून चांगल्या वजनाने झालेल्या मुलांचा सत्त्याण्णव. म्हणजे बहुतेक मुलं सामान्य टप्प्यातच. सगळ्यात मागे राहिली ती अपुऱ्या दिवसांची असून त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी असलेली मुलं. डोळा आणि हाताचा मेळ, वाचन, गणित, अडचणी तिथे दिसल्या. बाराव्या वर्षी वयात दोन-तीन महिने वजा करून दोन गुण मिळतात. सात गुणांची दरी त्याने भरत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली सव्वीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा असाच पाठपुरावा झाला, त्यातही शाळेत सगळ्यात जास्त ठेच लागली ती गणितात.

तुमच्या मुलासारखी मुलं समोर बसली की हे कसं दिसतं ते सांगते. पतंगासारखा उभा चौकोन समोर ठेवून काढायला सांगितला. मुलाने काढला, खालचं टोक गोल झालं. त्याने स्वतःच मान हलवली, 'हे चुकलंय', म्हणाला. खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा गोल. चौथ्यांदा कागद फाटला. त्याला दिसत होतं काय हवंय, चूकही दिसत होती, हातच ऐकत नव्हता. हा मुलगा वर्गात फळ्यावरचं उतरवून घेताना काय करत असेल? बाई फळा पुसतात तेव्हा याची अर्धी ओळ बाकी असते, आणि वहीवर शेरा येतो 'अपूर्ण', 'अक्षर सुधारा'. त्याला तीन महिने जास्त दिले असते तरी टोक गोलच आलं असतं.

गणितात आणखी एक आपला मराठी काटा आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहायचं उलट, आधी दोन मग पाच. एकोणपन्नास तर विचारूच नका, ऐकू येतं पन्नास, लिहायचे ४९. ज्या मुलाला कानावर पडलेलं दोन क्षण धरून ठेवून उलटवायला जड जातं, आणि लवकर जन्मलेल्या अनेक मुलांना नेमकं तेच जड जातं, त्याची वही ५२ आणि २५ ची अदलाबदल करून भरते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गहजब झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी ती पद्धत का सुचवली हे परोपरीने सांगितलं, पण विनोदांच्या पुरात ते वाहून गेलं. भाषा बुडते की तरते ते मला ठाऊक नाही. माझ्या खोलीत बसलेल्या या मुलांना 'वीस पाच' म्हटलं की पेन्सिल चालू लागते, एवढं मी पाहिलंय. घरी करून बघा. आधी 'वीस पाच', महिन्याभराने 'वीस पाच, पंचवीस' जोडीने, मग नुसतं पंचवीस.

शाळेत मागायचं ते वयाच्या नावाने न मागता या अडचणींच्या नावाने मागा. फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद. चौकटीची वही, एका चौकटीत एक अंक. लेखी परीक्षेत थोडा जास्त वेळ, आणि काही उत्तरं तोंडी. यातलं पहिलं-दुसरं द्यायला कुठल्याही दाखल्याची गरज नसते, वर्गशिक्षिकेचं मन लागतं. पुढे बोर्डाच्या सवलती हव्या असतील तर दाखला लागेल, आणि तो सरकारने नेमून दिलेल्या रुग्णालयातूनच मिळतो. मुंबईत सायन आणि नायरला हे काम वर्षानुवर्षं चालतं. तिथे रांग मोठी असते, म्हणून आत्तापासून चौकशी करून ठेवा.

एक वर्ष मागे बसवावं का, हे तुमच्या मनात आलंच असेल. पहिलीच्या आधी आला असतात तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. तिसरीत मी सहसा नाही म्हणते. मित्र पुढे जातात, मूल मागे राहतं, आणि का राहिलो हे त्याला कळत नाही. तोच अभ्यास त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा शिकवला तर हाताचा आणि डोळ्याचा मेळ आपोआप बसत नाही. शाळा बदलणारच असाल, नवीन गावी जाणार असाल, तर तेव्हा विचार करता येईल. नव्या जागी कुणाला जुनी इयत्ता ठाऊक नसते.

पुन्हा चाचणीला जाल तेव्हा एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि ते तपासणाऱ्यांच्या हातात द्या. बरेच पालक ते दाखवत नाहीत, कारण कुणी विचारत नाही आणि 'जुनं कशाला उकरायचं' असं वाटतं. त्यावरचे आठवडे बघा, वजन बघा, श्वासाच्या मशीनवर किती दिवस होता, मेंदूच्या सोनोग्राफीत काय लिहिलंय ते बघा. आठ वर्षांच्या मुलाबद्दल त्या कागदावर तीन महिन्यांच्या वजाबाकीपेक्षा कितीतरी जास्त लिहिलेलं असतं. दोन जुन्या वह्याही न्या, एक गणिताची, एक मराठीची. नीटनेटक्या नकोत, रोजच्याच.

आणि त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तेव्हा तपासला असेल, लेझर केलं असेल नसेल, पण अशा मुलांना पुढे चष्मा लागण्याचं प्रमाण बरंच असतं आणि शाळेतली साधी तपासणी ते दर वेळी पकडतेच असं नाही. माझ्याकडे एकदा असा एक मुलगा आला होता, ठोकळ्यांच्या चाचणीत सगळं चुकत गेलेला. तिसरं चित्र दाखवल्यावर तो खुर्चीवरून उठला, टेबलाच्या कडेला आला आणि नाक कागदाला लागेल इतका वाकला. मी चाचणी तिथेच थांबवली. चष्मा लागल्यावर दोन महिन्यांनी परत घेतली. किती गुण वाढले ते मी त्याच्या आईला आधी सांगितलंच नाही, तो शेजारी बसून ठोकळे स्वतःच रचत होता, ते बघायला लावलं.